परतीच्या वाटेवर स्थानकाबाहेर का थांबवतात?

प्रश्न : फुटबॉलच्या सामन्याला जाताना गाडी सहज मिळते, परतताना मात्र स्थानक समोर दिसत असूनही कर्मचारी बाहेरच रांगेत अडवून ठेवतात. असे का?

उत्तर : प्रेक्षक येतात ते दोन-तीन तासांत विखरून, पण शेवटची शिट्टी वाजताच निघतात सगळे एकदम. हजार प्रवासी नेणारी गाडी दर दोन मिनिटांनी सुटली, तरी तासाभरात तीसच हजार माणसे हलतात. लंडनच्या वेम्बली स्टेडियमची क्षमता तर ९०,००० आहे. मागच्यांच्या रेट्याने फलाटाच्या कडेचा माणूस रुळांवर ढकलला जाऊ नये, म्हणून गर्दी बाहेरच्या मोकळ्या जागेत थोपवून, फलाट रिकामा होईल तसतशी टप्प्याटप्प्याने आत सोडली जाते. चिडचिड होते हे खरे, पण रांग तिथेच असणे योग्य. जर्मनीत अनेक क्लबांच्या सामन्याच्या तिकिटावरच स्थानिक बस आणि रेल्वेने प्रवास करता येतो. त्यामुळे निदान तिकीट खिडकीपुढची झुंबड तरी टळते. घाई नसेल तर अर्धा तास स्टेडियमजवळच रेंगाळावे, किंवा पुढच्या स्थानकापर्यंत चालत जावे. शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधीच पाहून ठेवावी, कारण बाद फेरीचा सामना जादा वेळेत आणि मग पेनल्टी शूटआउटमध्ये गेला, तर परतीचे सगळे गणित कोलमडते.