चयापचय म्हणजे पचन नव्हे

प्रश्न असा आहे की ‘गाभण जनावराच्या चयापचयाचा गर्भाच्या वाढीवर परिणाम होतो’ या वाक्यात चयापचय म्हणजे पचनच ना, मग सरळ पचन का लिहीत नाहीत, आणि ‘तिचा चयापचय’ की ‘तिची’.

पचन नाही. कानाला तसं वाटतं खरं, कारण शब्दाच्या मधोमध ‘पच’ ऐकू येतं आणि लगेच अपचन आठवतं, पण फोड चय + अपचय अशी आहे. पचन आलं ‘पच्’ धातूवरून, म्हणजे शिजवणं, आणि चय आला ‘चि’वरून, म्हणजे गोळा करणं, रचणं. संचय, समुच्चय हे त्याच घरातले. चय म्हणजे बांधणी आणि साठवण, अपचय म्हणजे घट, साठलेलं मोडणं. अपचय पुल्लिंगी आहे म्हणून ‘तिचा चयापचय’. ‘तिची चयापचय क्रिया’ बरोबरच आहे, पण ती ‘ची’ क्रियेची आहे, क्रिया गाळली तर तीही गाळायची.

मला तर हा शब्द मेटाबॉलिझमपेक्षा सरस वाटतो, कारण त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘बदल’, आपल्या शब्दात बदलाच्या दोन्ही दिशा आल्यात. आणि गाभण मेंढीत त्या दोन्ही एकामागून एक दिसतात. तिचा गाभणकाळ साधारण 147 दिवसांचा. सुरुवातीला चारा नीट असेल तर ती अंगावर चरबी धरते आणि वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव (प्लॅसेंटा), वाढत असते, वारेची बहुतेक वाढ मधल्या काळापर्यंत उरकते सुद्धा. हा चय. कोकराचं वजन मात्र उशिरा भरतं, जन्मताना जेवढं असतं त्यातलं जवळपास 70 टक्के शेवटच्या 6 आठवड्यांत. त्याला मुख्यतः ग्लुकोज हवं, आणि रवंथ करणाऱ्या जनावराला आतड्यातून ग्लुकोज मिळतं फारच थोडं, पोटातले जिवाणू चारा आंबवतात त्यातून प्रोपिओनिक आम्ल तयार होतं आणि त्यापासून यकृत ग्लुकोज बनवतं. मग या दिवसांत मेंढीचे स्वतःचे स्नायू आणि चरबी इन्सुलिनला कमी दाद देतात, म्हणजे ते ग्लुकोज तिकडे कमी खर्च होऊन वारेकडे जायला उरतं, आणि ती स्वतः साठवलेल्या चरबीवर भागवते. हा अपचय. पोटात जुळी असतील आणि खुराक अपुरा पडला तर चरबी इतकी भराभर मोडते की रक्तात कीटोन (चरबी मोडताना यकृतात तयार होणारे पदार्थ) साचतात, मेंढी सुस्त होते, खाणं सोडते, वेळीच लक्ष गेलं नाही तर दगावते. चरबी कितीही मोडली तरी ग्लुकोजची उणीव भरत नाही, कारण चरबीतल्या स्निग्धाम्लांपासून ग्लुकोज बनत नाही, आणि ती स्निग्धाम्लंही वारेतून फारच थोडी पलीकडे जातात.

आता या सगळ्याला ‘पचन’ म्हणून बघा, अर्थच हरवतो. अन्न आतड्यातून रक्तात गेलं की पचनाचं काम संपलं, ही सगळी उलाढाल त्याच्या पुढची आहे.

‘पोषण’ शब्दाबद्दलही सांगायला हवं, कारण मातेचं पोषण लिहिलं की आपण खुराक समजतो आणि जितका जास्त तितकं बरं असं गृहीत धरतो. वाढीच्या वयातल्या, पहिल्यांदाच गाभण राहिलेल्या मेंढीला भरपूर खाऊ घातलं तर वार लहान राहते आणि कोकरू कमी वजनाचं निपजतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. ती खाल्लेलं स्वतःच्या वाढीला आणि चरबीला लावते. खुराक भरपूर, आईचं पोषण उत्तम, आणि गर्भाचं पोषण मात्र तुटपुंजं, म्हणजे तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द लागतात, एकच ‘पोषण’ तिन्हीकडे वापरलं की वाचणारा फसतो.

ही जी वाटणी, कुणाला किती जायचं ती, तिच्यासाठी बाउमन आणि करी या दोघा संशोधकांनी 1980 मध्ये होमिओऱ्हेसिस हा शब्द दुभत्या आणि गाभण जनावरांच्या संदर्भात मांडला. होमिओस्टेसिसला आपण समस्थिती म्हणतो, तिथे सगळं एका जागी राखायचं असतं, इथे ‘ऱ्हेसिस’ म्हणजे प्रवाह, शरीराचा सगळा कारभार एका दिशेला वळवलेला. मी ‘पोषणाची वाटणी’ लिहितो, त्यात दिशा तितकी येत नाही, पण गाभण मेंढी सांभाळणाऱ्याला ते एका फटक्यात कळतं.