वेलस्लीची बढती आणि ‘लेफ्टनंट जनरल’ हा शब्द

असईच्या लढाईत, म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी, ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) मेजर जनरल होता आणि १८०८ साली तो पोर्तुगालच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा लेफ्टनंट जनरल होता. लेफ्टनंट हा मेजरपेक्षा कनिष्ठ असतो. मग शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर विजय मिळवणाऱ्या या माणसाचा हुद्दा पाच वर्षांत खाली आला काय, आणि मराठीत लेफ्टनंट जनरलला ‘उपसेनापती’ म्हणावे काय, असा प्रश्न आला आहे.

हुद्दा खाली आला नव्हता. ती बढतीच होती. घोटाळा होतो तो ‘जनरल’ हे नाम आहे असे आपण धरून चालतो म्हणून. मुळात ते विशेषण आहे. एका तुकडीवरचा तो कॅप्टन आणि सगळ्या सैन्यावरचा तो कॅप्टन जनरल. आपल्याकडे सुभेदाराच्या वर सरसुभेदार आणि सेनापतीच्या आधी ‘सर’ लागून सरसेनापती झाला, तेच काम तिकडे ‘जनरल’ने केले, फरक इतकाच की फ्रेंच वळणाप्रमाणे ते नामाच्या आधी न लागता नंतर लागले. गव्हर्नर जनरल या पदनामाची घडणही हीच आहे. पुढे कॅप्टन जनरलमधला कॅप्टन गळाला आणि नुसता जनरल उरला.

लेफ्टनंट या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ ‘जागा धरणारा’ असा आहे. याला मराठीत अगदी नेमका जुना शब्द आहे : मुतालिक. प्रधान मोहिमेवर गेला की त्याच्या नावाने कारभार पाहणारा तो मुतालिक. म्हणून लेफ्टनंट किती मोठा, हे तो कोणाचा मुतालिक आहे यावर ठरते. कॅप्टनचा मुतालिक तो लेफ्टनंट, कर्नलचा मुतालिक तो लेफ्टनंट कर्नल आणि सरसेनापतीचा मुतालिक तो लेफ्टनंट जनरल.

राहिला मेजर. आज आपण ऐकतो तो शब्द अर्धाच आहे; मूळ शब्द सार्जंट मेजर, म्हणजे थोरला सार्जंट. सार्जंट या शब्दाच्या मुळाशी ‘सेवा करणारा’ असा लॅटिन अर्थ आहे. सैन्य रणांगणावर व्यूहात उभे करणे हे या अधिकाऱ्याचे मुख्य काम असे, आणि त्याचे स्थान धनी व मुतालिक या दोघांच्या खाली असे. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात, १६४५ साली उभारलेल्या पार्लमेंटच्या नव्या फौजेत फेअरफॅक्स सर्वांत वर होता, क्रॉमवेल घोडदळाचा लेफ्टनंट जनरल होता आणि पायदळाच्या स्किपनचा हुद्दा सार्जंट मेजर जनरल असा होता. या लांबलचक नावातला ‘सार्जंट’ पुढे गळाला आणि आजचा मेजर जनरल उरला. पलटणीतही हेच घडले, म्हणून तिथेही कर्नल, लेफ्टनंट कर्नल आणि मेजर असाच उतरता क्रम आहे. मेजर लेफ्टनंटच्या वर दिसतो, कारण तो पलटणीचा अधिकारी आहे आणि लेफ्टनंट एका कंपनीचा. ही एक शिडी नसून एकावर एक ठेवलेल्या तीन लहान शिड्या आहेत, हे ध्यानात आले की विसंगती उरत नाही.

वेलस्लीची कारकीर्द या तिन्ही शिड्यांवरून जाते. १७८७ मध्ये तो निशाण धरणारा एन्साइन म्हणून दाखल झाला आणि त्याच वर्षी लेफ्टनंट झाला. १७९१ मध्ये कॅप्टन आणि १७९३ च्या एप्रिलमध्ये ३३ व्या पलटणीचा मेजर झाल्यावर त्याच सप्टेंबरात तो तिचा लेफ्टनंट कर्नल झाला. हे हुद्दे तेव्हा पैसे भरून विकत मिळत, आणि थोरल्या भावाने दिलेली रक्कम त्याच्या कामी आली. या पलटणीचा कर्नल होता लॉर्ड कॉर्नवॉलिस, पण तो केवळ मानाचा. पलटण प्रत्यक्ष चालवत असे लेफ्टनंट कर्नल. शब्दाचा मूळ अर्थ इतका अक्षरशः लागू पडणारे उदाहरण मला तरी दुसरे आठवत नाही. कॉर्नवॉलिस १८०५ मध्ये गाझीपूर येथे वारला आणि पुढच्या वर्षी ३३ व्या पलटणीचे कर्नलपद या जुन्या मुतालिकाकडेच आले.

लेफ्टनंट कर्नलच्या वरचे हुद्दे विकत मिळत नसत. तिथून तो १७९६ मध्ये कर्नल, १८०२ मध्ये मेजर जनरल आणि १८०८ मध्ये लेफ्टनंट जनरल झाला. १८१३ साली स्पेनमधील व्हिटोरियाच्या विजयानंतर तो फील्ड मार्शल झाला. या मार्शल शब्दाचे जर्मानिक मूळ ‘घोड्याचा चाकर’, म्हणजे आपला मोतद्दार, असे आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

आता ‘उपसेनापती’विषयी. माझ्या मते तो शब्द टाळावा. व्युत्पत्तीने तो जवळ जातो, पण ‘सेनापती’ म्हटले की मराठी वाचकाला नेमणूक दिसते, आणि लेफ्टनंट जनरल हा हुद्दा आहे. पोर्तुगालमध्ये रोलिसाची लढाई लेफ्टनंट जनरल वेलस्लीने स्वतः सेनापती म्हणून लढवली; त्याला तिथे उपसेनापती लिहिले तर वाक्यच खोटे होईल. हुद्दा लेफ्टनंट जनरल असाच लिहावा, आणि त्या लढाईत तो कोणत्या नात्याने होता हे वेगळ्या शब्दांत सांगावे. असईच्या वर्णनात ‘मेजर जनरल’ऐवजी नुसते ‘जनरल वेलस्ली’ लिहिले तरी ती चूक नव्हे, कारण संबोधनात या सर्व हुद्द्यांना जनरलच म्हणतात.