ताई काही विचारतच नाहीत

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. जूनमध्ये त्याची आजी गेली, तेव्हापासून तो फारसा बोलत नाही. दर आठवड्याला त्याला प्ले थेरपीला, म्हणजे खेळातून होणाऱ्या उपचाराला, नेते. दाराच्या काचेतून पाहिलं तर तिथल्या थेरपिस्ट ताई नुसत्या जमिनीवर बसलेल्या. त्याला काहीच विचारत नाहीत. याने काय साधणार? – एक आई, नाशिक

उत्तर : आजी गेली हे सांगायला त्याच्याकडे अजून शब्द नाहीत. विचारलं की तो मान खाली घालेल, म्हणून त्या विचारत नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये या उपचाराची आठ तत्त्वं मांडली. मुलाची घाई करायची नाही, हे त्यातलं एक. मुलाची भावना ओळखून ती त्याला परत दाखवायची, हे दुसरं. आणि ती शब्दांपेक्षा अंगाने जास्त दाखवावी लागते.

माझ्याकडे एक मुलगी यायची. भातुकलीतली कढई वाळूत पुरायची, वरून थापटायची, पुन्हा उकरायची. तीन आठवडे हेच. एकदा तिला बरं वाटावं म्हणून मी हसले. तिने कढई झटकून मांडणीवर ठेवली आणि दाराकडे बघत बसली. तिचं जड काम चाललं होतं आणि माझा चेहरा भलतंच बोलला होता. पुढच्या वेळी मी तिच्याइतकीच सावकाश झाले. कढई दिसेनाशी झाल्यावर हळूच म्हटलं, ‘खोल गेली.’ तिने माझ्याकडे पाहिलं आणि झारा माझ्या हातात दिला.

आम्हाला शिकवतात, नाक जिकडे, पायाची बोटंही तिकडे. नुसती मान वळवलेली मुलांना लगेच कळते. काचेतून डोकावणंही कळतं, तेवढं कृपा करून थांबवा. ती खोली त्याची आहे.

घरी मात्र तुम्ही बरंच करू शकता. बर्नार्ड आणि लुईस गर्नी या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९६०च्या दशकात अमेरिकेत आईवडिलांनाच आठवड्यातून अर्धा तास असं खेळायला शिकवलं. तुमच्या ताईंना विचारा, त्या दाखवतील. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, जमिनीवर बसा. ‘आजीची आठवण येते का?’ असं विचारू नका. त्याने बाहुलीला पांघरूण घातलं तर ‘झोपवलंस तिला’ एवढंच म्हणा. तो पाठ करून बसला तर समोर जाऊ नका. तिथेच, त्याच्या मागे बसून राहा.