आजोबा हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बर विमानावर नेव्हिगेटर (मार्ग दाखवणारे) होते. त्यांची लॉगबुकं (उड्डाणांच्या नोंदवह्या) आणि फोटो घरी पडून आहेत, त्यांचं काय करावं?

आजोबा अजून बोलते आहेत ना, मग आधी त्यांना बोलतं करा. कागद चार महिने थांबतील. "युद्धाच्या आठवणी सांगा" असं म्हणू नका, ठरलेलं भाषण ऐकायला मिळेल. लॉगबुकाचं पान उघडा, डिसेंबर 1971 मधल्या रात्रीच्या एखाद्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा: वैमानिक कोण होते, हवा कशी होती, उतरल्यावर काय खाल्लं? मोबाइलवर रेकॉर्ड करा. जुन्या फोटोंतली माणसंही ओळखून घ्या, नावं मागे मऊ पेन्सिलीने लिहा.

कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर अजिबात नको. 600 डीपीआयवर स्कॅन करा, कोरी पानं आणि शेरेसुद्धा. प्रत्येक उड्डाणासमोर विमानाचा क्रमांक असतो. तो फार मोलाचा, कारण संग्रहालयात उभं असलेलं विमान कोण, कुठे उडवत होतं हे त्यावरून जुळवता येतं.

द्यायचंच असेल तर दिल्लीत पालमचं वायुसेना संग्रहालय किंवा युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या सैन्यविषयक अभ्यास संस्थेला आधी पत्र लिहा. (नौदलवाल्यांसाठी गोव्यात बोगमाळोजवळचं संग्रहालय. तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन विमान एअर इंडिया, हवाई दल आणि नौदल असं तीन घरचं पाणी प्यालेलं आहे!) देताना लेखी पोच घ्या, स्कॅन स्वतःकडे ठेवा. नकाशे किंवा 'गोपनीय' शिक्क्याचे कागद निघाले तर फेसबुकवर टाकू नका, आधी हवाई दलाला विचारा.