वाचकांचे प्रश्न : तीन हजारांतला कॅमेरा आणि पस्तीस फुटांवरचे फाटक

प्रश्न : मी कसबा बावड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. आमचे घर जुने असून पुढच्या सोप्याच्या भिंती काळ्या दगडाच्या आहेत. गेल्या महिन्यात अंगणातली पाण्याची मोटार रातोरात चोरीस गेली, तेव्हापासून पुण्यात नोकरी करणारा मुलगा कॅमेरा लावा म्हणून मागे लागला आहे. बाजारात तीन हजारांच्या आतला एक बाहेरचा वायरलेस कॅमेरा पाहिला. खोक्यावर ‘३ मेगापिक्सेल, आयपी६६, ३० मीटर नाइट व्हिजन’ असे छापले आहे. राउटर मधल्या खोलीत आहे आणि सोप्यापासून फाटक ३५ फुटांवर आहे. हा कॅमेरा घ्यावा का, आणि खोक्यावरचे काय खरे मानावे?

उत्तर : खोक्यावरचे बहुधा सगळेच खरे असते, परंतु ते आपल्या अंगणाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून खोके बाजूला ठेवून आधी हे ठरवावे, की रात्री कोणी आत आले एवढेच आपल्याला कळायला हवे आहे, की आलेला माणूस कोण हे चेहऱ्यावरून सांगता यायला हवे आहे. पहिले काम आपण पाहिलेला कॅमेरा सहज करील. दुसरे तो करील की नाही, हे तो कुठे लावला यावर अवलंबून आहे.

याचा हिशेब कागदावर करता येतो. ३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र साधारणपणे २३०४ ठिपके (पिक्सेल) रुंद असते. भिंगाचा आडवा कोन ९० अंश धरला तर कॅमेऱ्यापासून जितके अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी चित्रात मावते. म्हणजे ३५ फुटांवरच्या फाटकाशी ७० फूट, सुमारे २१ मीटर, आणि एका मीटरच्या वाट्याला जेमतेम १०८ ठिपके. पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी मीटरमागे १२५ आणि अनोळखी माणसाची ओळख पटवण्यासाठी २५० ठिपके धरले आहेत. सोप्यातून पाहिलेल्या फाटकाशी आपला शेजारीही खात्रीने ओळखता येणार नाही, मग चोर तर दूरच. तोच कॅमेरा १५ फुटांवर आणला की अडीचशेचा आकडा गाठतो. तेव्हा फाटकाचा नाद सोडून मोटारीकडे जाणारी बोळवाट धरावी आणि तिथून जाणारा माणूस पंधरा फुटांच्या आत येईल अशा बेताने कॅमेरा लावावा. कोन जितका अधिक, तितके चित्र मोठे आणि चेहरा लहान, हे दुकानदार सहसा सांगत नाही. ‘१३० अंश’ हा तो गुण म्हणूनच सांगतो. उंची आठ-नऊ फूट पुरे. त्याहून वर नेला तर फक्त टोप्या दिसतात, आणि खाली आणला तर येणारा आधी कॅमेराच काढून नेतो, त्याच्याबरोबर चित्रे साठवणारे आतले कार्डही जाते.

‘३० मीटर नाइट व्हिजन’ याचा अर्थ अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड) दिव्यांचा उजेड तेवढा लांब पोहोचतो, एवढाच. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ उजेड घेतो, त्यामुळे स्थिर उभा माणूस ठीक दिसतो आणि चालणारा फरफटल्यासारखा उमटतो. दुकानात दाखवतात ते चित्र दिवसाचे किंवा स्थिर खोलीचे असते. ते न पाहता परतीच्या मुदतीतच घरी रात्री चाचणी घ्यावी : घरातल्या कोणाला तरी नेहमीच्या चालीने त्या वाटेने जायला सांगावे आणि नंतर मुद्रण (रेकॉर्डिंग) थांबवून चेहरा पाहावा. कॅमेरा पांढऱ्या भिंतीला किंवा पागोळीच्या पत्र्याला खेटून लावला तर त्याचाच उजेड परत येऊन सगळे चित्र धुरकट होते. पहिल्या पावसानंतर किडे-पाखरे जमतात, त्यांच्यामागून कोळी येतो, आणि भिंगासमोरचा एकच तंतू रात्री दोरखंडाएवढा दिसून मुलाच्या फोनवर रात्रभर सूचना पाठवत राहतो. आठवड्यातून एकदा मऊ झाडू फिरवणे हा कॅमेऱ्याच्या देखभालीचाच भाग समजावा.

आता ‘वायरलेस’ या शब्दाविषयी. चित्र बिनतारी जाते, वीज नाही. आपण लिहिलेल्या वर्णनावरून हा अडॅप्टरवर चालणारा कॅमेरा दिसतो. आमच्या मागच्या दारी लावलेला असाच एक कॅमेरा दिवसभर नीट चाले आणि अंधार पडला की दर दोन मिनिटांनी बंद होऊन पुन्हा सुरू होई. कॅमेरा बिघडला असे समजून मी तो बदलूनही आणला, तरी तेच. दोष निघाला वायरीत. पाच व्होल्टच्या अडॅप्टरला मी बारीक तारेची दहा मीटरची जोड दिली होती. रात्री अवरक्त दिवे लागले की विजेची ओढ वाढे आणि तेवढ्या लांबीत व्होल्टेज गळून जाई. जाड तार घातली आणि तक्रार संपली. बारा व्होल्टचा कॅमेरा मिळत असेल तर लांब अंतरासाठी तोच बरा.

आयपी६६ मधला पहिला ६ धूळ अजिबात आत न जाण्याचा आणि दुसरा ६ पाण्याचा जोरदार फवारा सोसण्याचा. कोल्हापूरच्या पावसाला हे पुरेसे आहे, पण हा दर्जा कॅमेऱ्याच्या अंगाचा आहे, त्याच्या शेपटीचा नाही. मागून निघालेल्या वायरीच्या टोकाला विजेची आणि लॅनची (नेटवर्कच्या वायरीची) जोडणी उघडीच लोंबत असते आणि जुलैत पाणी शिरते ते तिथून. ती प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये बंद करावी, अडॅप्टर घरातच ठेवावा, आणि भिंतीत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी आत न जाता तिथेच ठिबकून पडते.

आपल्या बाबतीत खरी अडचण दगडी भिंतीची आहे. या किमतीतले बहुतेक कॅमेरे वाय-फायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. तो पट्टा भिंती ओलांडण्यात पाच गिगाहर्ट्झपेक्षा सरस असला तरी दीड-दोन फुटांच्या काळ्या दगडापुढे तोही थकतो. खरेदीपूर्वी फोन घेऊन नेमक्या त्या जागी उभे राहावे, सोप्याचे दार लावून घ्यावे आणि वाय-फायचे बळ दाखवणाऱ्या एखाद्या फुकट ॲपमध्ये आकडा पाहावा. तो उणे ६५ डीबीएमच्या (हे त्या बळाचे माप) आसपास किंवा शून्याच्या अधिक जवळ असेल तर चिंता नाही. उणे ७५ च्या पलीकडे असेल तर कॅमेऱ्यापेक्षा राउटर सोप्यात आणण्याचा विचार आधी करावा. वीज गेली की राउटरही जातो, म्हणून त्याला छोटा यूपीएस हवाच. अर्थात पंचगंगेचे पाणी चढून वीज बंद केली गेली, की घर सोडलेल्या माणसाला कोणताही स्वस्त कॅमेरा दूरवरून घर दाखवू शकत नाही. २०१९ चा पूर पाहिलेल्यांनी ही आशा ठेवू नये.

साठवणीचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला दीड मेगाबिट या वेगाने अखंड मुद्रण केल्यास दिवसाला सुमारे १६ जीबी लागतात, म्हणजे १२८ जीबीचे कार्ड आठवडाभर पुरते आणि मग जुन्यावर नवे उमटते. सततच्या लेखनासाठी बनवलेले कार्डच घ्यावे. क्लाउडची, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीची, वर्गणी न भरल्यास कोणकोणत्या सोयी बंद होतात, हे दुकानातच विचारावे.

कॅमेऱ्याच्या लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक असतो; तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासून पाहावा. मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक संगणक-प्रणालीने जगभरचे असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी तसेच ठेवल्यामुळे. आणि पुन्हा चोरी झालीच, तर मुद्रण पुसले जाण्यापूर्वी त्या दिवशीच उतरवून घ्यावे व मूळ कार्ड हात न लावता जपावे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत, तो कोणत्या यंत्रातून कसा घेतला हे सांगणारे प्रमाणपत्र लागते.

सारांश विचाराल तर घ्या, पण फोन घेऊन अंगणात उभे राहिल्यावर.

प्रश्न : गगनबावडा रस्त्यावर आमचे शेत आहे. तिथे वीज नाही. सौर पॅनेल आणि सिम कार्डवर चालणारा कॅमेरा मोटारीच्या खोलीवर चालेल का?

उत्तर : ऑक्टोबर ते मे चालेल. आपल्या भागात जूनपासून आभाळ आठवडेच्या आठवडे उघडत नाही आणि लहान पॅनेल त्या काळात बॅटरी भरू शकत नाही. त्यासाठी अधिकची भरलेली बॅटरी हाताशी असावी, किंवा पॅनेल निदान वेगळ्या वायरीवरचे, हवे तिकडे वळवता येणारे असावे. बॅटरीवरचे कॅमेरे सहसा अखंड मुद्रण करीत नाहीत. अंगाच्या उष्णतेची हालचाल जाणवली की जागे होतात, आणि जागे होण्यात क्षण-दोन क्षण जातात. समोरून थेट चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्यांना लवकर कळतो, म्हणून कॅमेरा वाटेच्या रोखाने न लावता वाटेला आडवा लावावा. उन्हाने तापलेला उसाचा पाला वाऱ्यावर हलला तरी तो जागा होतो आणि बॅटरी खातो. समोरचा फड कापेपर्यंत त्याची नजर खोलीच्या दाराशीच ठेवावी. सिम घेण्यापूर्वी त्याच कंपनीचा फोन खोलीच्या छपरावर नेऊन व्हिडिओ कॉल लावून पाहावा.