जागायचं तर उठून जाग

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, चहा घेतलास, आईच्या गुडघ्यांविषयी बोललीस आणि निघताना चपला घालता घालता विचारलंस, "काका, झोपेची अर्धी गोळी घेतली तर चालते का?" इतक्या हळू विचारलंस की काकूला ऐकूही गेलं नाही. माझ्या डोक्यातून मात्र ते जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू "हो काका, हो काका" करून सुटका करून घेतेस.

तुझ्या कष्टांचं कौतुक मी करत बसणार नाही, ते तुझे बाबा करतात. बँकेची लहान शाखा, माणसं तीन, समोर रांग, प्रोबेशन संपायला पाच महिने आणि पहाटे पावणेतीनला डोळे टक्क उघडे. समोर ते एकच पीककर्ज. टार्गेटच्या घाईत पास केलेलं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात गावच्या सोसायटीचा बोजा आधीच चढलेला असेल का, एवढीच शंका. पण मग विभागीय कार्यालयाचं पत्र येतं, चौकशी लागते, नोकरी जाते, बाबांचा चेहरा दिसतो. आणि साडेनऊला तर तुला शाखेत पोचायचं असतं.

हे मला माहीत आहे, कारण मी बारा वर्षं असाच पडून काढली आहेत. पडून, हा शब्द नीट वाच.

१९८७ साली मी तुझ्याच वयाचा होतो. तेव्हा शाखेत संगणक नव्हते. बचत खात्यांची लेजरं हातानं बेरजा मारून जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य खातेवहीशी, जुळवायची. त्या महिन्यात फरक आला २,७०० रुपयांचा आणि तीन दिवस काही केल्या सापडेना. चौथ्या रात्री अंथरुणात पडून मी पानामागून पान डोळ्यांसमोर आणत होतो, मनातल्या मनात बेरजा करत होतो, आणि चार वाजता माझी खात्री झाली की कुणीतरी अफरातफर केली आहे आणि ती माझ्यावर येणार. सकाळी खुर्चीत बसलो, चहा यायच्या आत लक्षात आलं की २,७०० ला नऊनं भाग जातो. फरकाला नऊनं भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, हे बँकेतल्या शिकाऊ कारकुनालाही ठाऊक असतं. वीस मिनिटांत व्हाउचर हातात आलं. ८,५१० चे कुणीतरी ५,८१० लिहिले होते.

अगं, रात्रभर मला नऊनं भागायचं सुचलं नाही! जे मी दुसऱ्यांना शिकवत होतो, ते. म्हणून सांगतो, पहाटे तीनला अंथरुणात केलेला हिशेब कधी खरा धरू नकोस. तिथे ना लेजर असतं, ना व्हाउचर, ना उजेड. तुझ्या त्या बोज्याचं तसंच आहे. डिजिटल सातबारा सकाळी दहा वाजता दहा मिनिटांत निघतो. पहाटे तीनला तू तो छताकडे बघून वाचायचा प्रयत्न करते आहेस.

त्याच दिवसांत आमचे आण्णा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे राहायला होते. कृष्णाकाठचा माणूस. सगळी हयात रात्रीच्या पाळीला उठून, बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जाण्यात गेली. माझी कूस बदलण्याची चाहूल लागली की तांब्या घेऊन दारात उभे राहायचे. एकदा म्हणाले, "जागायचं तर उठून जाग. हातरुणात जागू नगं." मी म्हणालो, "तुम्हाला नाही कळायचं यातलं, जा, झोपा." ते काही न बोलता गेले. पुढच्या वर्षी आण्णा वारले. त्या रात्रीचं माझं ते वाक्य मला आजही परत घेता येत नाही.

आणि त्यांचं वाक्य कळायला १९९९ उजाडलं. तोवर चार वर्षं मी तुझ्या त्या अर्ध्या गोळीवर होतो. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. ओळखीचा दुकानदार चिठ्ठी मागत नसे. आता अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्या शेड्यूल एच१ मध्ये आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत, तर तू कुणाच्या ओळखीनं त्या मिळवू नकोस. मला सोडवायला आठ महिने लागले, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं कमी करत. त्याच डॉक्टरांनी मला पहिल्यांदा विचारलं, "झोप आली नाही की तुम्ही काय करता?" म्हटलं, पडून राहतो, तेवढीच विश्रांती. ते म्हणाले, तिथेच चुकतंय. रोज तासन्‌तास अंथरुणात काळजी केली की शरीर शिकतं, ही जागा काळजी करायची आहे. मग दिवसभर पेंगणारा माणूस उशीला डोकं टेकताच टक्क जागा होतो. रिचर्ड बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये यावरच उपचार मांडला होता: झोप आली तरच आडवं व्हायचं, नाही आली तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, पेंग आली की परत यायचं, आणि रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळेला उठायचं. मी ऐकत होतो आणि मला दारात तांब्या घेऊन उभे असलेले आण्णा दिसत होते.

तेव्हा ऊठ. घड्याळ बघू नकोस, अंदाजानं पंधरा-वीस मिनिटं झाली की ऊठ. स्वयंपाकघरात खुर्चीवर बस, दिवा मंद ठेव, गवार मोड, कपड्यांच्या घड्या घाल. मोबाइल नको. साडेदहाला ग्रुपवर आलेला साहेबांचा मेसेज पहाटे तीनला वाचून तू काय करणार आहेस? पहिला आठवडाभर झोप आणखी कमी होईल, दिवसा डोळे मिटतील, त्या दिवसांत स्कूटर चालवू नकोस. आणि रविवारी अकरापर्यंत लोळून भरपाई करायची नाही. ते तू करतेसच, मला माहीत आहे. संध्याकाळी पाचचा चहाही बंद कर. त्याचा अंमल बराच वेळ उतरत नाही.

शाखेतून निघण्याआधी, नाहीच जमलं तर रात्री जेवणानंतर, पाच मिनिटं वहीत उद्याची कामं लिही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या संशोधकांनी ५७ जणांवर हे करून पाहिलं. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. नऊ मिनिटं तुला थोडी वाटतील. पण जितकं नेमकं लिहिलं तितकी झोप लवकर लागली, हे त्यातलं महत्त्वाचं. "कर्जाचं बघणे" असं लिहू नकोस. "सकाळी दहा वाजता अमुक गटाचा सातबारा काढणे, इतर हक्क तपासणे, बोजा निघाल्यास मॅनेजरना लेखी नोट देणे" असं लिही. रोख कमी भरली तरी आपण तिजोरी बंद करतोच ना? फरक सस्पेन्सला, म्हणजे उलगडा होईपर्यंतच्या तात्पुरत्या खात्याला, टाकतो, सही करतो, घरी जातो. तो फरक कुणी उशाशी घेऊन झोपत नाही.

आणि हेही विचारून ठेवतो. ते कर्ज तू घाईत पास केलंस, की कुणी बाजूला उभं राहून सही करून घेतली? तसं असेल तर झोपेचे उपाय पुरणार नाहीत. उद्याच्या उद्या काय घडलं ते तारखेसह लिहून नोट दे, प्रत स्वतःजवळ ठेव. लोक नाराज होतील, होऊ देत.

माझ्यावरही झाले होते. १९९९ नंतर मी घरी फाइल आणली नाही, रात्री नऊनंतर शाखेचा फोन घेतला नाही, फक्त तिजोरीचा किंवा आगीचा असेल तरच. एका साहेबांनी माझ्या वार्षिक शेऱ्यात "कामाची ओढ कमी" असं लिहिलं आणि बढती दोन वर्षं मागे पडली. पण त्या वर्षांत माझ्या शाखेचं लेजरं जुळवण्याचं काम एकदाही थकलं नाही, ऑडिटमध्ये एकही मोठी हरकत निघाली नाही. ही माझी बाजू तेव्हा कुणी विचारली नाही, म्हणून आज तुला ऐकवतो आहे. पुन्हा संधी मिळाली तरी मी तसंच वागेन.

आठवड्यात तीन रात्री असं होतंय आणि त्याला तीन महिने झाले असतील, तर डॉक्टरांकडे जा. लाजू नकोस. त्यांना "सीबीटी-आय होईल का" असं विचार; म्हणजे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर करायचा, गोळ्यांविना उपचार. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ पासून दीर्घ निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला आहे. डॉक्टरांनी गोळी दिलीच तर ती किती दिवसांसाठी, हे तिथेच विचारून घे.

आज रात्री जाग आली तर काय करायचं, ते तुला आता माहीत आहे. आण्णांचं मी ऐकलं नाही. तू माझं ऐक.

सातबाऱ्यावर काय निघालं ते मंगळवारी कळव, दुपारी जेवणाच्या सुट्टीत. काकूनं मेथीचे लाडू केलेत आईसाठी, पुढच्या वेळी घेऊन जा.

तुझा,
काका