पहिल्या बॅले वर्गाला जाण्यापूर्वी

प्रश्न : माझे वय ३६ वर्षे असून आजवर मी कोणतेही नृत्य शिकलेले नाही. प्रौढ नवशिक्यांसाठी असलेल्या बॅलेच्या वर्गात मी नाव नोंदवले आहे व पुढील आठवड्यात पहिला वर्ग आहे. तयारी म्हणून गेले पंधरा दिवस आरशासमोर टाचा जुळवून दोन्ही पावले एका सरळ रेषेत बाहेर वळवण्याचा सराव करते. मात्र अलीकडे गुडघ्यांच्या आतल्या बाजूस दुखू लागले आहे. अंग इतके ताठर असताना वर्ग पुढे ढकलावा का? बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे बूट आताच घ्यावेत का?

उत्तर : वर्ग पुढे ढकलू नये; बंद करायचा तो हा घरचा सराव, आणि तोही आजपासूनच. आपण करत आहात ती बॅलेच्या पाच मूलभूत पदस्थितींपैकी पहिली आहे, परंतु चित्रात पाहून वाटते तशी ती पावलांपासून तयार होत नाही. पाय बाहेर वळतो तो खुब्याच्या सांध्यात, आणि मांडी तेथे जेवढी फिरेल तेवढेच गुडघ्याने व पावलाने तिच्यामागून वळायचे असते. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा सांधा असल्यामुळे, खुब्याची मर्यादा संपल्यावरही पावले जमिनीवर रोवून बळेच वळवत राहिल्यास सारा पीळ त्याच्यावर येतो आणि पावलाची कमानही आत खचते. खुब्याच्या हाडांची ठेवण प्रत्येकाची निराळी असते. त्यामुळे पूर्ण १८० अंशांचा कोन केवळ खुब्यातून साधणे अनेक व्यावसायिक नर्तकांनाही शक्य होत नाही. आपण ९० अंशांच्या आसपास, प्रसंगी त्याहूनही कमी कोनात उभ्या राहिलात तरी काही बिघडत नाही. गुडघा वाकवताना तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का, एवढे पाहावे. सराव थांबवूनही दुखणे राहिले, तर डॉक्टरांना दाखवावे, आणि कोणत्याही परिस्थितीत वर्ग सुरू होण्यापूर्वी शिक्षकांच्या कानावर ही गोष्ट घालावी.

ताठरपणाची चिंता करण्याचे कारण नाही. वर्गाचा पहिला भाग ‘बार’, म्हणजे भिंतीलगतच्या आडव्या दांड्याला धरून, संथपणे गुडघे वाकवण्याने सुरू होतो व हळूहळू मोठ्या हालचालींकडे जातो. तत्पूर्वी थंड अंगाने जोर लावून ताणण्यापेक्षा दहा मिनिटे भरभर चालणे बरे.

टोकांवर उभे राहण्याचे पॉइंट शूज मुळीच घेऊ नयेत. त्यासाठी घोट्याची व पावलाची जी ताकद लागते, ती बहुधा काही वर्षांच्या नियमित शिक्षणानंतर येते, आणि केव्हा घ्यायचे हे शिक्षकच ठरवतात. सुरुवातीला कापडाचे किंवा मऊ चामड्याचे साधे बॅले शूज पुरतात. बोटे न मुडपता सपाट राहतील, पण पुढे जागा उरणार नाही, असे माप निवडावे. पुढे थोडी जागा सोडून बूट घेण्याची आपली लहानपणापासूनची सवय येथे विसरावी लागते. शिक्षकांची हरकत नसेल, तर पहिल्या दिवशी मोजे घालूनही चालते. रबरी तळव्याचे बूट मात्र नकोत, कारण पाऊल जमिनीवरून सरकवताना ते अडतात.

पोशाख अंगासरशी असावा, आणि याचे कारणही गुडघ्यांपाशीच येते : सैल विजारीत गुडघा चुकीच्या दिशेने गेलेला शिक्षकांना दिसत नाही. लेओटार्ड (धडाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) व टाइट्स (पायांना घट्ट बसणारे लांब मोजे) यांचा संकोच वाटत असल्यास घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग्ज चालतील. केस वर बांधावेत, दागिने घरी ठेवावेत.

बारपाशी शक्यतो मधली जागा धरावी. प्रत्येक व्यायाम एका बाजूने झाल्यावर वळून दुसऱ्या बाजूने करायचा असतो. टोकाला उभे राहिलेल्या नवशिक्याच्या पुढे अशा वेळी पाहून करायला कुणीच उरत नाही.

प्रश्न : वर्गातील फ्रेंच शब्द आधी पाठ करावेत का?

उत्तर : चार-पाच शब्द ओळखीचे असले म्हणजे पुरे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ मध्ये पॅरिस येथे नृत्याची शाही अकादमी स्थापन केली, तेव्हापासून या नृत्याची परिभाषा फ्रेंचमध्ये रुजत गेली. त्यातील बरेचसे शब्द त्या त्या हालचालीचे साधे वर्णन असतात : प्लिए म्हणजे वाकवलेले, ताँद्यू म्हणजे ताणलेले, रलव्हे म्हणजे वर उचललेले. वर्ग संपताना ‘रेव्हेराँस’ असे ऐकू आले, तर तो शिक्षकांना व संगीतकाराला वाकून केलेला नमस्कार आहे. तो होण्याआधी पिशवी उचलायला जाऊ नये.